इलेक्ट्रिक गिटारचा टवका घरी भरताना: आधी काय, नंतर काय

गणपती विसर्जन होऊन आठ-दहा दिवस झाले की बेळगावात माझ्या घरी गिटार यायला लागतात. कुणी वडगावातून चालत येतो, कुणी खानापूरहून बसने, कुणी निपाणीहून दुचाकीवर पाठीला अडकवून. मंडळाच्या स्टेजवर माईकच्या स्टँडला आपटलेली, टेम्पोत साउंड बॉक्सच्या कोपऱ्यावर आदळलेली, घरातल्या घरात दाराच्या चौकटीला हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, लागलेली. टवका असतो हरभऱ्याच्या डाळीएवढा. पण गिटार माझ्यासमोर येते तोवर त्याच्याभोवती पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा धुरकट होऊन गेलेली असते. "दादा, फेविक्विक लावलो, पेपरनं घासलो, खरं ते आधीपेक्षा जास्तच दिसूलालंय."

फेविक्विक लावण्यात चूक नव्हती. चूक क्रमात होती आणि घासण्याच्या जागेत होती. टवका भरायचं सगळं काम टवक्याच्या आत चालतं. साफ करा, रंग लावा, भरा, खरवडा, भोवतालच्या चांगल्या लेपाला हात लागता कामा नये. तो लागतो फक्त शेवटी, तोही दोन-तीन मिलिमीटरपुरता. साठवलेल्या पैशातून घेतलेली गिटार असते, म्हणून हे इतक्या बारकाईने लिहितोय.

हे मार्गदर्शन नखाएवढ्या किंवा त्याहून लहान टवक्यांसाठी आहे. मान आणि हेडस्टॉक जिथे मिळतात तिथे तडा दिसत असेल तर तो लाकडाचा प्रश्न आहे, रंगाचा नाही. तारा लगेच सैल करा आणि जाणकाराकडे न्या. नुसता पोचा पडलाय, लेप फुटलेला नाही, तर शक्यतो तसाच राहू द्या. फर्निचरवर ओलं फडकं आणि इस्त्री ठेवून पोचा वर काढतात, तो उपाय इथे चालत नाही. जाड लेपातून वाफ लाकडापर्यंत पोचत नाही आणि उष्णतेने लेप मात्र पांढरा पडतो. पट्ट्याच्या बकलाचे बारीक ओरखडे असतील आणि त्यांत नख अडकत नसेल, तर भरायचं काहीच नाही. सरळ दहाव्या पायरीवर जा.

१. उडालेली कपची शोधा

आपटल्या आपटल्या जमिनीवर बघा, केसमध्ये बघा, गादी झटका. कपची अखंड सापडली तर निम्मं काम झालं, कारण त्याहून जुळणारा रंग जगात दुसरा नाही. ती कागदाच्या पुडीत घालून ठेवा.

चिकटवताना आधी कोरडीच बसवून बघा. नीट बसली की वरून बोटाने दाबून न धरता दाताच्या काडीने जागेवर ठेवा आणि पातळ सुपरग्लूचा अगदी बारीक थेंब कडेला टेकवा. तो आपोआप खाली ओढला जातो. वर सेलोटेपचा तुकडा ठेवून दहा मिनिटं दाबा. फटीची रेघ उरते, ती सातव्या पायरीने भरायची. रंगाची भानगड वाचली.

२. लेप कोणता आहे ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे पस्तावतात. इलेक्ट्रिक गिटारवर मुख्यतः दोन प्रकारचे लेप असतात. एक पॉली, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन: जाड, कडक, काचेसारखा. दुसरा नायट्रोसेल्युलोज लॅकर: पातळ आणि थिनरने पुन्हा विरघळणारा. आपल्याकडच्या बहुतेक गिटारांवर पॉलीच असतो. स्क्वायर, एपिफोन, यामाहा पॅसिफिका, आयबानेझ यांची नेहमीची मॉडेलं पॉलीची. गिब्सनच्या अमेरिकेत बनलेल्या गिटार नायट्रोच्या.

खात्री करायची तर पिकगार्डचे (तारांशेजारी बॉडीवर बसवलेल्या प्लास्टिकच्या आवरणाचे) स्क्रू काढून त्याच्याखालच्या लेपावर तपासा. इअरबडला थिनर किंचित लावा आणि पाच-सहा सेकंद टेकवा. जागा चिकट झाली, बडला रंग आला, तर नायट्रो. काहीच झालं नाही तर पॉली.

टवक्याची कडाही बरंच सांगते. पॉलीचा टवका उभ्या, धारदार कडेचा असतो आणि त्याची जाडी डोळ्यांना दिसते.

*सावधान:* ही चाचणी पुढच्या बाजूला, उघड्यावर कधीही करू नका. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर पिकगार्डला, नॉबला, कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीला लागला तर ते प्लास्टिक कायमचं मळकट होतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या पॉलीसाठी आहेत. नायट्रोचं शेवटी वेगळं लिहिलंय.

३. दिवस निवडा

बेळगावचा पाऊस माहीत असूनही लोक जुलैत हे काम काढतात, आणि खानापूरकडे तर तेव्हा भिंतीलाही ओल येते. सुपरग्लू घट्ट होतो तोच मुळी हवेतल्या ओलाव्याने. ओलावा जास्त असला की तो भराभर आळतो आणि भोवती खडूच्या भुकटीसारखी पांढरी धूसर छटा धरते. ती वरवरची असते, पुढे घासल्यावर निघते, पण त्यामुळे माणूस घाबरतो आणि पुसायला जातो, तिथेच बिघडतं. पावसाळ्यात करायचंच असेल तर टेबलफॅन अगदी मंद लावून वारा बाजूने जाऊ द्या, म्हणजे छटा कमी धरते. माझ्या मते दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले. थंडीत सुपरग्लू सावकाश आळतो, तेवढा वेळ द्यावा लागतो.

कामाला किमान तीन दिवस धरा. शनिवारी कार्यक्रम असेल तर शुक्रवारी सुरू करू नका.

४. सामान मांडून घ्या

पातळ सुपरग्लू (फेविक्विकच्या छोट्या ट्यूब चालतात, ताजी ट्यूब घ्या), जमल्यास थोडा दाट सुपरग्लू, दाताच्या काड्या, एक शिवणाची सुई, दाढीचं नवीन ब्लेड, सेलोटेप, मास्किंग टेप, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, मोटारीचं बारीक रबिंग कंपाऊंड, जुनं मऊ सुती कापड, लायटरमध्ये भरायचं पेट्रोल आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे ॲक्रिलिक रंग. पेपर आणि कंपाऊंड मोटारीच्या रंगाच्या दुकानात सुटे मिळतात.

दोन गोष्टी आणू नका. एम-सील अपारदर्शक असतं, कितीही घासलं तरी ठिगळ दिसतंच. स्टील वूल म्हणजे लोखंडाची लोकर तर गिटारजवळ आणूच नका. तिचा भुगा पिकअपच्या (तारांखाली बसवलेल्या, आवाज पकडणाऱ्या भागाच्या) चुंबकाला जाऊन चिकटतो आणि मग निघता निघत नाही.

*सावधान:* सुपरग्लू कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर तापतो, चटका बसेल इतका. म्हणून तो लावायला इअरबड नको, सुती हातमोजे नकोत. डोळे थेट वर आणू नका, वाफ झोंबते. लायटरचं पेट्रोल वापरताना खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको.

५. गिटार बसवा, टवका साफ करा

तारा सैल करा, पिकअप मास्किंग टेपने झाका. गिटार अशी ठेवा की टवका बरोबर वर, आडवा येईल. थेंब जिथे उतार मिळेल तिथे जातो. कडेचा टवका असेल तर बॉडीला दोन्ही बाजूंनी उशा लावून ती उभी टेकवा. मांडीवर धरून हे काम होत नाही.

आता लायटरच्या पेट्रोलने पुसा, आतून आणि भोवतीनेही. हाताचं तेल आणि मेण यामुळे निघतं. मोटारीच्या डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश कधी गिटारवर मारलं असेल तर दोन-तीनदा पुसा. त्यातल्या सिलिकॉनमुळे रंग आणि लॅकर पसरतच नाहीत, मधे गोल डोळे पडतात.

मग कडेवर काडीचं टोक हलकेच फिरवा. टवक्याची कड कुठे हलते, कुठे आत हवा शिरल्यासारखी पांढुरकी दिसते? तो लेप सुटलेला आहे. ओढून काढू नका. सुईच्या टोकाने पातळ सुपरग्लू त्या कडेला टेकवा, तो आत शिरेल आणि पांढरी जागा बघता बघता पुन्हा गडद होईल. हे केलं नाही तर भरल्यानंतर महिन्याभरात ठिगळाच्या शेजारून नवा टवका उडतो.

*तपासणी:* सगळ्या कडा घट्ट, आत धूळ नाही, जागा कोरडी. मगच पुढे.

६. रंग: पातळीच्या खाली ठेवा

टवक्याच्या तळाशी काय दिसतंय ते बघा. गिटारचाच रंग दिसत असेल तर फक्त वरचा पारदर्शक थर गेलाय, रंग लावायचाच नाही. पांढरा किंवा करडा प्रायमर किंवा लाकूड दिसत असेल तरच रंग.

लाकडाचाच रंग दिसणारी गिटार असेल तर घाई करू नका. उघडं लाकूड फिकट दिसतं म्हणून लोक त्यावर तपकिरी मार्कर मारतात. आधी काडीने पेट्रोलचा ठिपका लावून बघा. भिजल्यावर जो रंग दिसतो, तोच सुपरग्लूखाली दिसणार. दहापैकी नऊ वेळा तो आपोआप जुळतो. मार्कर मुळीच नको, त्याची शाई वरच्या थरात फुटते आणि काही महिन्यांत जांभळट पडते.

एकरंगी गिटारसाठी ॲक्रिलिक रंग मला सगळ्यात सोयीचे वाटतात. नायट्रोलाही इजा करत नाहीत आणि चुकलं तर ओला असेपर्यंत पुसता येतात. काळ्या गिटारवर काळं नेलपॉलिशही चालतं, पण फक्त पॉलीवर. नेलपॉलिश स्वतःच नायट्रोसेल्युलोजचं असतं आणि त्यातलं द्रावण नायट्रोचा लेप मऊ करतं.

रंग जुळवताना पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर ठिपका लावा, पूर्ण वाळू द्या, आणि तो तुकडा टवक्याशेजारी धरून सकाळच्या उजेडात, पण सावलीत बघा. ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग अंगणात वेगळा दिसतो. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, ओल्यावर निर्णय घेऊ नका. आणि पांढरी गिटार क्वचितच पांढरी असते. काही वर्षांत ती दुधाच्या सायीसारखी पिवळसर होते, तेव्हा पांढऱ्यात पिवळ्याचा आणि तपकिरीचा कण मिसळावाच लागतो. चमकीच्या, म्हणजे मेटॅलिक रंगाचा टवका हुबेहूब जुळत नाही. रंगाचे कण ज्या कोनात बसलेले असतात, ते ब्रशने साधत नाही. तिथे किंचित गडद छटा घ्या. फिकट ठिपका डोळ्यांत जास्त भरतो.

रंग काडीने, टवक्याच्या तळाशी, पातळ. दोन हात द्या, मधे वाळू द्या. वाळलेला रंग भोवतालच्या पृष्ठभागाच्या स्पष्ट खाली राहायला हवा. वर पारदर्शक थराला जागा ठेवायची आहे. इथेच सगळ्यांचं चुकतं. टवका रंगानेच काठोकाठ भरतात, मग घासायला गेलं की रंग निघतो आणि पुन्हा पहिल्यापासून. चोवीस तास वाळू द्या.

*तपासणी:* काडी कडेवरून आत नेली की खाली उतरल्याचं हाताला कळतंय ना? कडेबाहेर रंग आलाय का? आला असेल तर ओल्या काडीने आत्ताच काढा.

७. भरणं: एक थेंब, मग थांबा

ट्यूबने थेट भरू नका. ट्यूब दाबली की एकाऐवजी तीन थेंब पडतात आणि ते बाहेर पसरतात. सुईचं नेढं असतं ना, त्याचं वरचं टोक पक्कडीने तोडा. उरतो तो दोन दातांचा इवलासा चिमटा. तो सुपरग्लूत बुडवला की दोन दातांमध्ये मोहरीहून लहान थेंब धरून राहतो, आणि टवक्यात टेकवला की अलगद उतरतो. मला इतका नेमका थेंब दुसऱ्या कशानेच सोडता आलेला नाही.

पहिला थर इतका पातळ की तळ नुसता ओला दिसावा. हवेचा बुडबुडा दिसला तर लगेच सुईच्या टोकाने फोडा. दोन तास थांबा. दुसरा थर. पुन्हा दोन तास. टवका जेवढा खोल, तेवढे थर, साधारण चार ते सहा. शेवटचे एक-दोन थर दाट सुपरग्लूचे दिले तर बरं, ते फुगीर उभे राहतात. शेवटी भरलेली जागा भोवतालापेक्षा थोडी वर, पावसाच्या थेंबासारखी दिसली पाहिजे. आळताना ती किंचित बसते.

लवकर आळवणारा स्प्रे मिळतो, तो नको. एकदम आळलेला थर आत फेसाळतो आणि पांढरट होतो, तो पांढरेपणा घासून जात नाही.

बाहेर थेंब पडलाच तर पुसू नका. पुसलं की फासला जातो. पडू द्या, वाळू द्या, पुढच्या पायरीत ब्लेडने निघेल.

आता चोवीस तास. वर कडक झालेला थेंब आतून मऊ असू शकतो, आणि मऊ थेंबावर ब्लेड चालवलं तर तो अख्खा उपटून हातात येतो.

८. ब्लेडने उतरवणं

हे काम पहिल्यांदा बघणाऱ्याला भीती वाटते, पण पेपरपेक्षा ब्लेड सुरक्षित आहे. ब्लेड लांबीत मधोमध मोडून एका धारेचं करा. त्या धारेच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एक-एक वेढा द्या, मधे टवक्यापेक्षा जरा जास्त, आठ-दहा मिलिमीटर धार उघडी ठेवा. आता ब्लेड लेपावर उभं धरलं की टेपची दोन टोकं चांगल्या लेपावर टेकतात आणि मधली धार टेपच्या जाडीएवढी, साधारण ०.०५ मिलिमीटर, वर राहते. म्हणजे ती फक्त उंचवट्यालाच लागते.

ब्लेड दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत धरा, तुमच्याकडे थोडं झुकवा आणि हलक्या हाताने स्वतःकडे ओढा. कापायचं नाही, खरवडायचं. पहिल्या काही ओढींत पांढरी भुकटी येते, मग केसासारखे बारीक तंतू. खरखर असा आवाज येत राहतो. उंचवटा उतरत आला की तो आवाज बारीक होतो आणि शेवटी ब्लेड नुसतं सरकतं. आवाज थांबला की थांबा. टेपवर भरवसा ठेवा, "अजून एकदा" नको.

टेप झिजते. आठ-दहा ओढींनंतर नवी लावा. झिजलेल्या टेपने चांगल्या लेपावर दोन समांतर ओरखडे उठलेल्या गिटार मी पाहिल्यात, आणि ते ओरखडे काढायला टवक्यापेक्षा जास्त दिवस लागले.

*तपासणी:* डोळे मिटून नख चारही बाजूंनी फिरवा. खळगा लागला तर सातवी पायरी पुन्हा. उंचवटा अगदी केसभर उरायला हवा, तेवढाच.

९. वॉटर पेपर

बोटाखाली पेपर धरून घासायचं नाही. बोट मऊ असतं, ते मध्ये खड्डा करतं आणि भोवतीचा लेप झिजवतं. आईस्क्रीमच्या काडीचं टोक कापून सपाट करा किंवा खोडरबराचा सेंटिमीटरभर तुकडा घ्या, त्याला पेपर गुंडाळा. टवक्याभोवती दोन-तीन मिलिमीटर सोडून चारही बाजूंनी मास्किंग टेप लावा. टेप फाटायला लागली तर तुम्ही हद्दीबाहेर गेलात.

केसभर उंचवटा असेल तरच ८००, तोही दोन-चार फेऱ्या. मग १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासा, आणि दर नंबरला दिशा बदला, म्हणजे जुने ओरखडे उठून दिसतात. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून झटकून घ्या. पाणी ओतू नका. जवळ स्क्रूचं, पट्ट्याच्या बटणाचं किंवा ब्रिजचं भोक असेल तर पाणी आत शिरून लाकूड फुगतं आणि लेप आतून उठतो. तिथे पाण्याऐवजी लायटरचं पेट्रोल.

मॅट गिटार असेल तर इथेच थांबा. तिला चकाकी दिली की ठिगळ काचेच्या ठिपक्यासारखं दिसतं. आजूबाजूच्या मंद झिलईशी जुळेल अशा नंबरवर काम संपवा.

१०. चकाकी

टेप काढा, पुसा. सुती कापड बोटाला गुंडाळून कंपाऊंड वाटाण्याएवढं घ्या, गोल गोल फिरवा, दर मिनिटाला पुसून बघा. ड्रिल मशीनला लावायचा बफ नको. उष्णतेने सुपरग्लू मऊ पडतो आणि कडेला लेप जळतो.

ट्यूबलाईटखाली गिटार तिरपी धरून ट्यूबचं प्रतिबिंब त्या जागेवरून सरकवा. रेघ सरळ गेली तर काम झालं. रेघ वाकते तिथे उंचवटा किंवा खळगा आहे. जवळून बघितल्यावर टवक्याच्या कडेची बारीक कडी बहुधा दिसेल. पॉलीवर नवा थर जुन्यात विरघळत नाही, त्यामुळे ती कडी राहणारच. ती घालवायला घासत बसू नका, हाताला लागत नाही ना, मग पुरे.

नायट्रोच्या गिटारसाठी

इथे भरायला फर्निचरवाल्यांकडचं पारदर्शक एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोज) लॅकर, एनसी थिनरने थोडं पातळ करून. सुईचा तोच चिमटा. नवा थेंब जुन्या लेपाला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून कडी दिसत नाही. पण लॅकरमधलं द्रावण उडून जातं आणि प्रत्येक थेंब आळताना खूप बसतो. दिवसाला एक-दोन थेंब, आठवडाभर. मग किमान तीन आठवडे हात लावायचा नाही. त्यानंतर ब्लेड आणि पेपर, पण निम्म्या दाबाने, कारण लेप पातळ आहे. पावसाळ्यात हे करूच नका, ओलाव्याने लॅकर दुधाळ होतं. फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडून अख्ख्या बॉडीवर हात मारून घेण्याचा विचार कुणी सुचवला तर नाही म्हणा. जुन्या, मूळ लेपाच्या गिटारवर तर टवकाही तसाच ठेवावा. कड सुटली असेल तेवढी पक्की करा.

हेडस्टॉकचा कोपरा

चौकटीला लागतो तो हाच. इथे थेंबाला टेकायला दोन बाजू नसतात. एका बाजूला सेलोटेप ताणून चिकटवा, कोपऱ्याच्या थोडी बाहेर काढा, म्हणजे भिंत तयार होते. सुपरग्लू कागदी मास्किंग टेपमध्ये मुरतो, सेलोटेपला फारसा धरत नाही, म्हणून इथे सेलोटेपच. पहिला थर अगदी पातळ देऊन टेपची फट बंद करा, मग बाकीचे थर. वाळल्यावर टेप कोपऱ्याकडून आत, लेपाच्या दिशेने सोला. बाहेर ओढली तर नवा कोपरा तिच्याबरोबर येतो. ब्लेड आणि पेपरही नेहमी आतल्या दिशेनेच चालवा. तारा चढवल्यावर गिटार केसमध्ये ठेवण्याआधी आणखी एक दिवस उघड्यावर राहू द्या. आत पूर्ण न आळलेल्या थेंबावर केसचं मखमली अस्तर दाबलं गेलं तर त्याची वीण त्यावर उमटते.